धुरपताची काच

"म्हणजे हे रक्त माझ्यापाशीच संपवायचं. यात चूक ती काय, बाबा?"

इसाकबाबांनी मान वर केली नाही. पळसाची पानं जोडून ते पत्रावळ टाचत होते. काडी मोडली. त्यांनी दुसरी घेतली.

"मी विचारतोय, चूक काय?"

"ऐकतो आहे ना. बोल."

जैराम नैताम बोलायलाच आला होता. जंगलातल्या पाच टोल्यांतला, म्हणजे वाड्यांतला, तो पहिला डॉक्टर. नागपुरात शिकला, रक्ताच्या आजारांवर त्याने वरची पदवी घेतली आणि मोठ्या शहरातली नोकरी सोडून आपल्याच जंगलात परत आला. गेल्या दोन वर्षांत त्याने गावोगाव फिरून चार हजार माणसांचं रक्त तपासलं होतं. ज्याला सिकलसेलचा आजार, त्याला लाल कार्ड. ज्याला आजार नाही पण रक्तात त्याचं बीज आहे, त्याला पिवळं. ज्याच्या रक्तात बीजही नाही, त्याला पांढरं. लोक त्याला हात जोडत. त्यालाही आता त्याची सवय झाली होती.

आणि ज्यांच्यासमोर तो बसला होता, ते इसाकबाबा एके काळी सरकारी दवाखान्यात हिवतापाच्या काचा तपासायचे. तेहेतीस वर्षं डोळा सूक्ष्मदर्शकाला आणि बोटं शाईने जांभळी. नोकरी संपल्यावर त्यांनी गावाबाहेरच्या तकियात, फकिरांच्या जुन्या मठीत, मुक्काम टाकला. अंगावर हिरवी कफनी आली. लोक ताईत मागायला यायचे, बाबा त्यांना आधी दवाखान्यात पाठवायचे.

जैराम दहा वर्षांचा असताना त्याला पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकातून रक्त दाखवलं ते बाबांनीच. म्हणून तो अजून त्यांच्यासमोर खाली बसत असे. आजही बसला होता. पण आवाज चढलेला होता.

"उद्या सभा आहे. ठराव मांडतोय. ज्याच्याकडे पिवळं कार्ड, त्याने लग्न करू नये. केलं तर मूल होऊ देऊ नये. पाचही टोले ऐकतील, पण तुम्ही शेजारी बसलात तर."

"पिवळे किती आहेत?"

"सहाशे बारा."

"आणि तू?"

"मला धरून."

बाबांचे हात थांबले.

"तू पिवळा आहे..."

"आहे. लपवलं नाही कोणापासून. शेवंताही पिवळी निघाली. मी सोयरीक मोडली. स्वतःपासून सुरुवात केली, मग लोकांना सांगतोय."

शेवंता कुमरे पलीकडच्या उपकेंद्रात नर्स होती. वैशाखात दोघांचं लग्न ठरलं होतं. जैरामने तिला चार ओळींचं पत्र पाठवलं. तो भेटायला गेला नाही. भेटलो तर पाय डगमगेल, असं त्याला वाटलं होतं. त्याला तो निग्रह म्हणत होता.

"दोन पिवळे एकत्र आले," बाबा म्हणाले, "तर लेकराले आजार होऊ शकतो. हे मी जाणतो. पण एक पिवळा आणि एक पांढरा? त्यांच्या लेकराले तर आजार होत नाही."

"आजार होत नाही. पण बीज पुढे जातं. ते पुढे जायलाच नको."

"कायले?"

जैरामला हसू आलं. हे तो कॉलेजच्या पोरांना शिकवत असे.

"बाबा, माणसाच्या पेशीत एक लांबलचक मजकूर असतो. त्यातल्या अकराव्या गुणसूत्रावर एक ठरलेली जागा आहे. त्या जागी एक अक्षर बदललेलं असतं. एकच अक्षर. तेवढ्यानं रक्तपेशी विळ्यासारखी वाकते, नसेत अडकते, माणूस वेदनेनं लोळतो. माझ्या धाकट्या भावाला, फागूला, मी लोळताना पाहिलंय. अकरा वर्षांचा होता. म्हणायचा, दादा, माझी हाडं बाहेर काढ. ते एक अक्षर मी या जंगलातून पुसून टाकणार."

फागूला मातीत ठेवताना बाबाही तिथे होते.

त्यांनी विचारलं, "एवढं वाईट अक्षर... मग टिकलं कसं? हजारो वर्षांत आपोआप मिटायला पाहिजे होतं."

"हिवतापामुळे. ज्याच्याकडे ते अक्षर आईबापांपैकी एकाकडूनच आलेलं असतं, म्हणजे आपल्या पिवळ्यांकडे, त्यांना हिवताप सहसा मारत नाही. जंतूला ती पेशी मानवत नाही. बाकीचे तापाने मेले, पिवळे जगले, त्यांना लेकरं झाली. असं करत करत अक्षर टिकलं. निसर्गाचा सौदा म्हणा. पण आता औषधं आली, फवारणी आली. त्या अक्षराचं काम संपलं."

"संपलं..."

"संपलं."

"तुझ्यासाठी कधी केलं का त्यानं काम?"

"माझ्यासाठी? नाही. मला त्यानं काय दिलं? एक भाऊ नेला. एक बहीण नेली."

बाबांनी पत्रावळ बाजूला ठेवली.

"बहीण कशानं गेली, तुले कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? धुरपता सात वर्षांची असताना गेली. मी चारचा होतो, मला आठवत नाही. घरात कोणी तिचं नाव काढत नाही. पण एकाच आईबापांची लेकरं. फागूला जे होतं तेच तिलाही असणार."

"असणार," बाबा म्हणाले.

मग ते उठले. गुडघ्यावर हात टेकून, हळूच. आतून एक चपटी लाकडी पेटी घेऊन आले. पेटीत खाचा होत्या आणि एकाच खाचेत एक काचपट्टी उभी होती. त्यांनी ती कफनीच्या टोकाने पुसली आणि जैरामच्या हातात दिली.

"उन्हात धर."

जैरामने धरली. जांभळट डाग. कडेला हिऱ्याच्या टोकाने कोरलेली बारीक अक्षरं. धुरपता नैताम. वय सात.

"हा तिच्या बोटातला थेंब. घेऊन जा, तुझ्या यंत्राखाली पाहा. हिवताप आहे. डोक्यात जाणारा. पेशीपेशीत जंतू आहेत, मोजता येत नाहीत एवढे."

"हिवताप...?"

"तिच्या रक्तात ते अक्षर नव्हतं, जैराम. तुमच्या घरात ती एकटी पांढरी होती."

जैराम काचेकडे बघत राहिला. एवढ्या वर्षांत त्याने हजारो काचा पाहिल्या होत्या. पण घरातल्या माणसाची एकही नाही.

"हे तुम्हाला कसं कळलं? तेव्हा इथे तपासणी होती कुठे?"

"त्याच साली नागपूरहून एक पथक आलतं. रक्तावर दवा टाकायची, झाकायचं, तासाभरानं पाहायचं. पेशी वाकली तर आजार. ती काचा लावायची कामं मीच केली. तुमच्या घरच्याही लावल्या. धुरपताच्या पेशी गोल राहिल्या. तुझ्या वाकल्या. त्या तपासणीत पिवळं-लाल असा फरक दिसत नव्हता. वाकल्या म्हणजे आजारी, एवढंच मी शिकलो होतो."

"बरं. मग?"

"मग भादव्यात ताप आला. नदी भरली होती, डॉक्टर पलीकडं अडकलेले. दवाखान्यात मी एकटा. तुझी माय दोघांले घेऊन आली. तू खांद्यावर, ती पाठीशी बांधलेली. दोघांच्याही काचेत हिवताप निघाला."

बाबा थांबले. तकियाच्या भिंतीवरून एक खार उतरली, पानांत शिरली.

"हिवतापावरची कोयनेलची सुई एका लेकरापुरती उरली होती."

जैरामला पुढचं कळलं. डॉक्टर होता तो. पण ते बाबांनीच बोलायला हवं होतं.

"माय म्हणत होती, पोरीले द्या. तिचे डोळे फिरले होते, दात बसले होते. तू तापात होता, पण पाणी मागत होता. माय पाया पडली माझ्या. म्हणाली, याले देव पाहील, पोरीले सुई द्या..."

"आणि तुम्ही?"

"मी काचा पाहिल्या होत्या ना. मले माहीत होतं, मायले माहीत नव्हतं. मी म्हणलो, बाई, हिचं रक्त निरोगी आहे, ही झुंज देईल. या पोराच्या रक्तातच आजार आहे, हा टिकणार नाही. तुले डोळ्यानं दिसते ते खरं नव्हे. मले काचेतून दिसते ते खरं."

"अर्धं अर्धं..."

"पुस्तकात होतं, अर्ध्यानं दोघंही जातील. मी पुस्तक वाचलं होतं, बाबू."

जैरामने काच दोन्ही हातांत धरली.

"तुले सुई दिली. संध्याकाळच्या आत ती गेली. तुझ्या मायच्या मांडीवर. मायनं मले एक शब्द म्हणला नाही."

"बाबा, मला सुईची..."

"नव्हती गरज. हो. तुले ताप आला असता आणि उतरला असता. बहुतेक. ते मले तीन सालांनी कळलं. नागपूरले आमचं शिबिर होतं. एक डॉक्टर फळ्यावर गोल काढून सांगत होते. तू आता सांगितलं, तेच. वाकणारी पेशी हिवतापाले दाद देत नाही. बाकीचे लिहून घेत होते. मी बाहेर येऊन नळाखाली डोकं धरलं."

जैरामला राग आला होता. कोणाचा, ते त्याला कळेना. समोरच्या म्हाताऱ्याचा, की त्या पुस्तकाचा, की आपल्या पेशींचा, ज्या त्या दिवशी बहिणीच्या शेजारी पडून मुकाट्याने वाकत होत्या आणि त्याला जगवत होत्या.

"म्हणजे माझा ठराव चूक, असंच ना?"

"मी ते म्हणलो नाही."

"मग म्हणा की!"

"दोन पिवळ्यांचं लेकरू फागूसारखं तडफडू शकते, हे खरं आहे. ते सांग. ओरडून सांग. पण कोण जगावं आणि कोण जन्मूच नये, हे काचेवरून मी एकदा ठरवलं आहे. तुझ्या शेजारी नाही बसणार मी."

जैराम उठला. काच परत द्यायला हात पुढे केला. बाबांनी घेतली नाही.

*

माय अंगणात तांदूळ पाखडत होती. दोन महिने झाले होते तिने त्याच्याशी बोलून. मागच्या सभेत भर लोकांत तो बोलून गेला होता, आमच्या आईबापाला कळलं असतं तर फागू जन्मलाच नसता, मीही नसतो, बरंच झालं असतं. माय तिथून उठून गेली. त्या दिवसापासून ती ताट वाढायची आणि आत जायची.

जैराम तिच्यासमोर बसला.

"माय, धुरपता तापानं गेली?"

सूप थांबलं.

"बाबानं सांगितलं?"

"हो."

"सगळं?"

"सुईचं सांगितलं. तू पोरीले मागत होतीस, तेही."

मायने सूप खाली ठेवलं. पदराने हात पुसले, दोनदा.

"मागत होती. मग तुझ्याकडं पाहून सालोसाल लाज वाटत गेली. तुले मरू द्या म्हणाली होती मी. माय असून."

"माय..."

"बाबाचं डोकं शाबूत होतं म्हणून तू राहिला. मी ऐकवलं असतं तर दोन्ही हात रिकामे झाले असते. माणूस देव आहे तो. एक तर हाती ठेवलं त्यानं माझं. म्हून दर शनिवारी भाकर नेऊन देते, आधी दवाखान्यात, आता तकियात. नवं धान निघालं का पहिला भात त्याले. पंचवीस-तीस सालं झाली. जीव आहे तोवर देईन."

सुईची गरज मला नव्हती, तू मागत होतीस तेच बरोबर होतं, असं तिला कसं सांगणार? तिच्या डोळ्यांना दिसलेलंच खरं होतं. ती ज्याला देव म्हणत होती, त्याने तिचं बरोबर असलेलं मागणं नाकारलं होतं. आणि ज्या गोष्टीची ती तीस वर्षं लाज बाळगत होती, ती तिने केलेली सर्वांत शहाणी गोष्ट होती. हे सांगितलं तर लाज जाईल. पण मग धुरपता पुन्हा एकदा जाईल, आणि या वेळी उगाच.

तो तिच्या पायांवर डोकं ठेवून बसला. मायने हात ठेवला त्याच्या डोक्यावर. तिला वाटलं, सभेतल्या बोलण्याची माफी मागतोय. तेही होतंच.

*

दुसऱ्या दिवशी सभेत जैरामने ठराव मांडला नाही. उभा राहून म्हणाला, पिवळं कार्ड हा गुन्हा नाही, आजारही नाही. दोन पिवळ्यांनी लग्नाआधी माझ्याकडे यावं, काय होऊ शकतं ते मी नीट सांगेन, गरोदरपणात तपासणी करता येते तीही सांगेन. ठरवायचं त्यांनी. पिवळ्या-पांढऱ्याला भ्यायचं काही कारण नाही. मागच्या वेळी मी बोललो ते चुकलं.

लोक ऐकत होते. मागच्या रांगेतून धाकट्या टोल्यातला एक म्हातारा उठला.

"डॉक्टर, मागच्या टायमाले तुम्हीच म्हणले, पिवळ्या पोरीशी सोयरीक ठेवू नका. म्हून मी सून माहेरी धाडली. पोटुशी होती. तिकडं तिच्या बापानं पोट पाडून आणलं, दुसरीकडं दिली तिले. आता तुम्ही म्हणता, भ्यायचं कारण नाही?"

जैरामला विचारायचं नव्हतं, तरी त्याने विचारलं.

"तुमचा मुलगा... कोणतं कार्ड?"

"पांढरं," म्हातारा म्हणाला, आणि खाली बसला.

सभा संपली. कोणी त्याला हात जोडले नाहीत.

तिथून तो तडक शेवंताच्या उपकेंद्रात गेला. लसीकरणाचा दिवस होता. ती एका बाळाच्या मांडीवर कापूस दाबून बसली होती. बाळ रडायचं थांबेपर्यंत तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"शास्त्र बदललं का, डॉक्टर?"

"नाही."

"मग कशाला आलात?"

"माझं पत्र चुकलं."

"पत्रातलं एक अक्षरही चुकलं नव्हतं. मी नर्स आहे, मला समजतं. कदाचित मीही तेच म्हटलं असतं. मूल नको म्हटलं असतं, दत्तक घेऊ म्हटलं असतं, तपासणी करू म्हटलं असतं. काहीतरी म्हटलं असतं ना?" तिने बाळ आईच्या हातात दिलं. "तुम्ही मला विचारलंच नाही. माझ्या रक्ताला विचारलं."

"आता विचारतो."

"आता माझी बदली झालीय. मागून घेतली मी."

तिने पुढच्या बाईचं नाव पुकारलं. जैराम उभा होता तिथे त्या बाईला जागा हवी होती. तो बाजूला झाला.

*

शनिवारी तो तकियात गेला. बाबा चटईवर बसले होते. समोर मायने ठेवलेलं ताट होतं, ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी. माय नुकतीच गेली होती. वाटेत दिसली, तेव्हा लेकाला पाहून हसली होती. बऱ्याच दिवसांनी.

जैराम बसला. सभेत काय झालं, ते सांगितलं. त्या म्हाताऱ्याचं सांगितलं. शेवंताचं एका वाक्यात सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं. त्यांनी दिलासा दिला नाही, आणि जैरामने तो मागितलाही नाही.

"त्या सुनेचं मूल..." जैराम म्हणाला, "त्याला आजार होणं शक्यच नव्हतं. बाप पांढरा होता."

"हं."

"हे घेऊन जगायचं कसं, बाबा?"

बाबांनी ताटावरची माशी हाकलली.

"मायला मी खरं सांगितलं नाही. ती तुम्हाला देव म्हणते. तुम्ही मला वाचवलं म्हणते. तुम्हीही सांगितलं नाहीत तिला. एवढ्या वर्षांत एकदाही नाही. दर शनिवारी तिचं ताट येतं, आणि तुम्ही घेता! घशाखाली उतरतं कसं तुमच्या?"

आवाज मोठा झाला होता. बाहेर कावळे उडाले.

इसाकबाबांनी ताट जवळ ओढलं. भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, तोंडात घातला. दात नव्हते, म्हणून ते फार वेळ चावत राहिले.

मग म्हणाले,

"तिच्या हातचं खातो ना, बाबू... याहून मोठी शिक्षा मले सापडली नाही."